लाकडी मनोऱ्यांचा नकाशा आणि आमची मुले

उंच इमारत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सिमेंट, सळई आणि काच उभी राहते. घोडबंदर रोडने जा, कल्याण-शीळ रस्त्याने जा, वीस-तीस मजल्यांचे सांगाडे रांगेने उभे दिसतील. पण जगाच्या पाठीवर काही ठिकाणी गेल्या पंधरा-वीस वर्षांत उंच इमारती चक्क लाकडाच्या होऊ लागल्या आहेत. लंडनमध्ये २००९ साली घरांची नऊ मजली इमारत झाली, तिचे वरचे आठ मजले लाकडाचे. कॅनडात व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०१७ साली अठरा मजल्यांची इमारत उघडली. नॉर्वेत ब्रुमुंडडाल नावाच्या छोट्या गावात २०१९ साली ८५ मीटर उंचीची इमारत झाली, तर अमेरिकेत मिलवॉकी शहरात २०२२ साली पंचवीस मजल्यांची. या इमारती कशा बांधाव्यात, याच्या स्पर्धाही वास्तुरचनेच्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांसाठी भरवल्या जातात. आम्हाला बोलायचे आहे ते या स्पर्धांविषयी.

काही वाचक म्हणतील, आमच्या चाळीला पाणी येत नाही, नळावर भांडणे होतात आणि तुम्ही हे लाकडी मनोऱ्यांचे काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. पण उद्याची घरे आज कोणाच्या तरी कागदावर आखली जात असतात. ती कोण आखतो, कोणासाठी आखतो, आणि आखण्याचा प्रश्न त्याच्या हातात कोण देतो, हे ठाऊक नसेल तर उद्या आपल्या वाट्याला पुन्हा नळावरचे भांडणच येणार!

आधी हे लाकूड म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्या घरातल्या कपाटासारख्या फळ्या एकावर एक रचून कोणी पंचवीस मजले उभे करीत नाही. लाकडाच्या पट्ट्यांचा एक थर उभा, त्यावरचा आडवा, त्यावरचा पुन्हा उभा असे थर डिंकाने चिकटवून प्रचंड दाबाखाली जाडजूड पाट तयार करतात. याला क्रॉस लॅमिनेटेड टिंबर म्हणतात. ऑस्ट्रियात १९९० च्या दशकात याचा विकास झाला. खांब आणि तुळयांसाठी पट्ट्या एकाच दिशेने चिकटवतात. हे पाट कारखान्यातच मापात कापून, खिडक्या-दारांची भोके पाडून येतात आणि जागेवर फक्त जोडायचे असतात. लोखंडी काँक्रिटचे एक घनमीटर सुमारे अडीच हजार किलो भरते. पाइनसारखे लाकूड तेवढ्याच आकाराचे साडेचारशे-पाचशे किलो. म्हणजे इमारत हलकी, पाया लहान, काम झटपट. व्हँकुव्हरची ती अठरा मजली इमारत, तिचे लाकडी भाग जागेवर आल्यावर, सत्तर दिवसांच्या आत उभी राहिली. तिच्यात राहतात कोण? विद्यार्थी! ते ४०४ विद्यार्थ्यांचे वसतिगृह आहे. वाचकांनी हे लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

लाकूड जळते, त्याचे काय? जळते. पण जाड लाकूड बाहेरून जळत आत जाते तेव्हा वरच्या कोळशाचाच एक थर बनतो आणि तो आतल्या लाकडाला आच पोहोचू देत नाही. पाइनच्या जातीचे लाकूड मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटरहूनही कमी वेगाने जळते. म्हणून जळून जाणारी जाडी हिशेबात धरूनच खांब जाड ठेवतात, वर पाण्याचे फवारे आणि जिप्समची पाटी. म्हणजे आगीचा प्रश्न सुटला असे आम्ही म्हणत नाही. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राची बांबूत बांधलेली भव्य वास्तू २०२१ साली आगीत भस्मसात झाली, हे विसरून चालणार नाही. शिवाय आपला पाऊस, आपली वाळवी! ऑस्ट्रियाच्या हवेत टिकणारा डिंक कल्याणच्या जुलै महिन्यात किती टिकेल, हा खराखुरा अभ्यासाचा विषय आहे. विद्यार्थ्यांच्या स्पर्धा असतात त्या अशाच प्रश्नांसाठी. जे अजून झाले नाही ते कागदावर करून पाहायचे, चुकले तर कागदच फाटतो, माणूस मरत नाही.

आता स्पर्धेकडे वळू. अमेरिकेतील वास्तुरचना महाविद्यालयांच्या संघटनेने २०१२-१३ साली 'टिंबर इन द सिटी' नावाची स्पर्धा विद्यार्थ्यांसाठी घेतली. पैसा लाकूड उद्योगाचा. आता लाकूड विकणारे लोक लाकडी इमारतीच्या स्पर्धेला बक्षीस का देतात, हे सांगायला बृहस्पती नको. आज जो विद्यार्थी त्यांच्या पाटांनी इमारत आखायला शिकेल, तो उद्या त्यांचेच पाट मागवणार. सिमेंट कंपन्या आपल्याकडे हेच करतात. पण आम्हाला त्या स्पर्धेत दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली, ती म्हणजे जागा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलीन भागातील रेड हूक ही ती जागा. रेड हूक म्हणजे जुनी गोदी. तिथे १९३९ साली उभी राहिलेली सरकारी घरांची मोठी वसाहत आहे आणि तिच्यात बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबे राहतात. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळाचे पाणी याच वस्तीत शिरले आणि लोक कित्येक दिवस विजेविना राहिले. स्पर्धेत विद्यार्थ्यांना काय आखायला सांगितले होते? परवडणारी घरे, रोजगाराचे प्रशिक्षण देणारी शाळा, लाकूडकामाचे आधुनिक केंद्र आणि सायकली भाड्याने देण्या-दुरुस्त करण्याची जागा.

बघा, पैसा उद्योगाचा असला तरी प्रश्नपत्रिकेत गरिबाचे घर आले! तिथे राहणाऱ्या माणसाला पुढे त्यातून काय मिळाले, हा वेगळा हिशेब आहे. बक्षिसाचे नकाशे प्रदर्शनात लागतात आणि वस्ती जिथल्या तिथे राहते, हा अनुभव सगळीकडचा आहे. पण निदान शेकडो विद्यार्थ्यांनी काही महिने त्या वस्तीचा विचार केला. तिथे किती माणसे राहतात, कामाला कुठे जातात, पाणी कुठून शिरते, हे त्यांना समजून घ्यावे लागले. स्पर्धेचा निकाल परीक्षक लावतात, पण खरा निकाल प्रश्न लिहिणारा आधीच लावून बसलेला असतो. 'डोंगरावरील पंचतारांकित विश्रामगृह आखा' म्हटले की कोणाचाही नकाशा पहिला येवो, आमची वस्ती स्पर्धेच्या बाहेरच!

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यासाठी अशी स्पर्धा लिहायची तर प्रश्नाला तोटा नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ-डायघरला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. मेलेल्यांत कोण होते? ती इमारत बांधणारे मजूर आणि त्यांची बायका-मुले, जी अर्धवट इमारतीतच राहत होती. २८ जुलै २०१५ रोजी ठाकुर्लीत इमारत पडून नऊ जण गेले. आठवडाभरात ४ ऑगस्टला ठाण्याच्या नौपाड्यात पडली, बारा गेले. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीत मध्यरात्रीनंतर तीन मजली इमारत झोपलेल्यांच्या अंगावर आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डोंबिवली परिसरातील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. खोटी कागदपत्रे दाखवून त्यांना 'रेरा'ची नोंदणी मिळवलेली होती. म्हणजे इथला माणूस एकतर पडणाऱ्या घरात राहतो, नाहीतर पाडल्या जाणाऱ्या घरात! आणि खाली उल्हास नदी. २६ जुलै २००५ च्या पुराने कल्याण, बदलापूर कसे धुऊन काढले ते आमच्या वाचकांनी स्वतःच्या माळ्यावर बसून पाहिले आहे.

अशा मातीत हलकी इमारत, लवकर उभी होणारी इमारत, कारखान्यात तपासून आलेले भाग, यांचा विचार व्हायला नको काय? धोकादायक इमारतीतून माणूस बाहेर काढला की त्याला संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षे कुजवले जाते, कारण नवी इमारत बांधायला वर्षे लागतात. सांगाडा सत्तर दिवसांत उभा राहत असेल तर ही सबब किती दिवस चालेल? (बिल्डर आणि अधिकारी नवी सबब शोधतील, याविषयी आम्हाला शंका नाही.)

लाकूड हा कल्याणला परका विषय नव्हे. कल्याण हे इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून ग्रीक खलाशांच्या लिखाणात येणारे बंदर. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने या बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात तांबे-पितळ, कापड आणि लाकडाचे ओंडके सांगितले आहेत. हे लाकूड शिसवी असावे असे अभ्यासक मानतात. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमाराची पहिली जहाजे याच खाडीत बांधायला घेतली. जहाज म्हणजे तरी काय? पाण्यावर तरंगणारी लाकडी इमारतच!

आणि त्याहूनही जुनी साक्ष आपल्या लेण्यांत आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात वर मान करून पाहिले तर छताला लाकडी कमानी दिसतात. त्या मूळच्या आहेत, दोन हजार वर्षांच्या! स्तूपावरची लाकडी छत्रीही मूळचीच. आमचे लोक दरवर्षी सहली काढून तिथे जातात, त्रिसरण-पंचशील घेतात आणि फोटो काढतात; वर पाहणारे थोडे. ते डोंगरातले दगडी चैत्य म्हणजे आधीच्या लाकडी चैत्यांची दगडातली नक्कल आहे, असे अभ्यासक सांगतात. लाकडी चैत्य काळाच्या ओघात गेले, दगडी राहिले. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्याच्या दर्शनी भागात तर जणू सुताराने किकरे-पटाशी टाकून छिन्नी हातात घेतली आहे, इतके ते काम लाकडासारखे आहे.

कार्ल्याच्या त्या चैत्याचे दार कोणी केले? शिलालेख सांगतो: धेनुकाकट गावचा वड्ढकी, म्हणजे सुतार, सामी, वेणुवासाचा मुलगा. दार करणाऱ्या सुताराचे नाव, त्याच्या बापाचे नाव, गावाचे नाव दगडावर आहे! कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दानकर्त्यांची नावे आहेत. त्यांत व्यापारी आहेत, तसा सोनार सामिदत्त आहे, लोहार नंद आहे. लोहाराने वाट बांधून दिली आणि संघाने त्याचे नाव वाटेशेजारी कोरू दिले. जुन्नरच्या लेण्यात याहून मोठी गोष्ट आहे. तिथल्या एका लेखात 'वसकार' म्हणजे बांबूचे काम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे दानाचा पैसा ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. त्या काळी बांबूकाम करणाऱ्यांची संघटना लोकांच्या ठेवी सांभाळण्याइतकी विश्वासाची होती. आज बांबूचे काम करणारा बुरूड समाज महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे आणि स्टेशनबाहेर सुपे-टोपल्या घेऊन बसला की पालिकेची गाडी त्याला उठवते. ठेवी सांभाळणाऱ्याला फुटपाथवर कोणी आणून बसवले, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

जगातील सर्वात जुन्या उंच लाकडी इमारती कोणत्या, हे मात्र सांगितलेच पाहिजे, कारण स्पर्धांच्या माहितीपत्रकात लाकडी उंच इमारत ही जणू युरोपची नवी कल्पना असल्यासारखे लिहिलेले असते. जपानमध्ये नारा येथे होर्यूजी विहाराचा पाच मजली पॅगोडा आहे, ३२ मीटरहून उंच. त्याच्या मधल्या खांबाचे झाड इसवी सन ५९४ मध्ये तोडलेले आहे, हे लाकडाच्या वर्तुळांवरून ठरले. भूकंपाच्या देशात तो सुमारे तेराशे वर्षे उभा राहिला. चीनच्या शान्शी प्रांतात यिंगश्यान येथे १०५६ साली बांधलेला शाक्यमुनी पॅगोडा ६७ मीटर उंच आहे. लाकडात लाकूड अडकवून केलेले सांधे भूकंपात थोडे हलतात, सरकतात आणि पुन्हा बसतात. अलीकडे त्याचे काही खांब कलले आहेत आणि त्याला कसे सावरावे यावर चिनी अभियंत्यांचा खल चालू आहे. पण हजार वर्षांनंतर कललेली लाकडी इमारत आणि बांधता बांधताच कोसळलेली शीळची काँक्रिट इमारत, यातली धोकादायक कोणती? नॉर्वेच्या मनोऱ्याच्या साडेनऊशे वर्षे आधी तथागतांच्या अनुयायांनी लाकडाने आकाश गाठले होते, ही माहिती आमच्या मुलांच्या नकाशाच्या पहिल्या पानावर असावी.

लाकूड आले की जंगल आले, आणि जंगल आले की माणसाची लूट आली. ठाणे जिल्ह्यात इंग्रजांनी जंगले राखीव केली तेव्हा इतका असंतोष झाला की ठाणे-कुलाब्याच्या तक्रारींसाठी १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. साग सरकारचा झाला. ज्याच्या रानात वाढला त्या वारली, कातकरी, ठाकराने आपल्या झोपडीला वासा तोडला तर गुन्हा! वाड्याला सागाचे खांब गेले आणि झोपडीला कारवीचा कूड राहिला. पुढे जंगल ठेकेदारांनी आदिवासींकडून कवडीमोलाने तोड करून घेतली. १९४५ नंतरच्या वारल्यांच्या उठावात जमीनदारांच्या वेठीइतकाच हा जंगलतोडीच्या मजुरीचा प्रश्न होता. तो लढा झाला तो तलासरी-डहाणूचा भाग आज पालघर जिल्ह्यात आहे, २०१४ पर्यंत ठाण्यातच होता.

म्हणून लाकडी इमारत 'पर्यावरणपूरक' आहे असे कोणी म्हटले की आम्ही विचारतो, लाकूड कोणाच्या रानातले? वाळक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो, तो इमारतीत अडकून राहतो, सिमेंट तयार करताना मात्र धूर निघतो, हे खरे. पण झाडाचा हिशेब मांडताना झाडाखालच्या माणसाचा हिशेब कोणी मांडायचा? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने देशभर वृक्षतोडीला लगाम घातला. त्याआधी १९९३ साली केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या इमारतींत लाकूड वापरायला बंदी केली होती, ती २०२० साली उठली. २०१७ साली जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने 'झाड' या व्याख्येतून निघाला. म्हणजे दार हळूहळू उघडते आहे. त्या दारातून आधी कोण शिरणार? परदेशी पाइन आयात करणारा व्यापारी, की गडचिरोलीच्या मेंढा-लेखासारखी ग्रामसभा, जिने २०११ साली आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा हक्क मिळवून दाखवला? विद्यार्थ्याच्या नकाशात 'लाकूड: आयात' असे दोन शब्द लिहिले की हा प्रश्न मिटवला जातो. स्पर्धेने तो मिटवू देता कामा नये.

आणखी एक गंमत आहे. काँक्रिटचा प्रत्येक मनोरा आधी लाकडाचाच असतो! स्लॅब ओतायच्या आधी सेंट्रिंगच्या फळ्या, प्लाय, बल्ल्या यांचा आख्खा मजला उभा करावा लागतो. हल्ली मोठ्या कामांवर लोखंडी आणि ॲल्युमिनियमचे साचे आले, तरी छोट्या कामांवर अजून लाकूडच. भोवती बांबूची परांची. स्लॅब घट्ट झाला की हे लाकूड काढून पुढच्या मजल्यावर. तो लाकडी मजला उभा करणारा माणूस कोण? सकाळी ठाणे-कल्याणच्या मजूर नाक्यावर उभे राहून पाहा. १९७२ च्या दुष्काळापासून जालना, परभणी, नांदेडकडून आलेली आमची माणसे, उत्तरेकडून आलेले सुतार, आणि उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात दिवसभर रंधा मारणारे कारागीर. कोणते लाकूड पावसात फुगते, कोणती गाठ भार घेत नाही, हे त्यांना हाताने कळते. इमारत उभी झाली की त्यांचे लाकूडही उतरवले जाते आणि तेही उतरवले जातात. कार्ल्याच्या सामीचे नाव दगडावर राहिले. घोडबंदरच्या एकाही मनोऱ्यावर सेंट्रिंगवाल्याचे नाव आम्ही तरी पाहिलेले नाही.

आता या माणसांची मुले स्पर्धेत का नाहीत, तो हिशेब. वास्तुरचनेची पदवी पाच वर्षांची. १९७२ च्या कायद्याने नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. प्रवेशासाठी बारावीला गणित हवे आणि 'नाटा'सारखी चाचणी हवी, ज्यात चित्र आणि आकाराची समज तपासतात. आमच्या वस्तीतल्या मुलाला ही चाचणी असते हेच बारावीचा निकाल लागल्यावर कळते. डॉक्टर, इंजिनिअर, वकील, कलेक्टर ही नावे बाबासाहेबांच्या पुण्याईने आमच्या घराघरांत पोहोचली. आर्किटेक्ट हे नाव पोहोचलेच नाही. प्रवेश मिळाला तरी खरी परीक्षा पुढेच. महागडा लॅपटॉप, मोठ्या कागदावरची छपाई, आणि मॉडेल! मॉडेलसाठी बाल्सा लाकूड, माउंट बोर्ड, सनबोर्ड, लेझर कटिंग. एका सत्रात दोन-तीन मॉडेल. शिष्यवृत्तीच्या रकान्यांत शुल्क आहे, निर्वाहाचा पैसा आहे. मॉडेलच्या लाकडाचा रकाना नाही. आणि जी शिष्यवृत्ती मंजूर होते ती कधी हाती पडते, हे ज्याच्या घरात विद्यार्थी आहे त्याला विचारा. सत्र संपते, मॉडेल मोडीत जाते, मग पैसे येतात.

स्पर्धा तर अभ्यासक्रमाच्या बाहेरची. आपल्याकडे वास्तुरचना विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संघटना आहे, तिलाही 'नासा' म्हणतात, १९५७ पासूनची. तिच्या वार्षिक संमेलनात देशभरची महाविद्यालये उतरतात, हुडकोच्या नावाची ट्रॉफीही दिली जात आली आहे. अशा स्पर्धांत गट लागतो, प्रवास लागतो, रात्री जागून काम करायला जागा लागते. दहा बाय बाराच्या खोलीत जिथे पाच माणसे झोपतात तिथे तीन फूट बाय दोन फुटांचे मॉडेल ठेवायचे कुठे? वर टांगायचे? गटात घेताना 'तू पैसे किती घालणार' हा प्रश्न हसत विचारला जातो आणि आमचा मुलगा हसतच बाजूला होतो. आडनाव न विचारताही पंगत लावता येते, हे आम्ही फार वर्षे पाहत आलो आहोत. पुढे नोकरीच्या वेळी मोठी कार्यालये विचारतात, कोणत्या स्पर्धेत होता? तिथे रकाना कोरा!

रेड हूकच्या धर्तीवर, पण आपल्या डोक्याने, या पट्ट्यात अशी स्पर्धा लिहिली गेली पाहिजे. कोणी लिहायची? महापालिकांनी लिहिली तर उत्तम, वास्तुरचना महाविद्यालयांनी लिहिली तर त्याहून उत्तम. पण चळवळीतील निवृत्त अभियंते, पालिकांतील आमचे अधिकारी, शिक्षक, कामगार संघटना यांनी मनात आणले तर त्यांनाही अवघड नाही. आपण जयंतीला डीजेवर किती उडवतो, त्याचा हिशेब आम्ही इथे मांडत नाही, वाचकांना तो पाठ आहे. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर १९९६ च्या कायद्यांनी कामगारांसाठी सुरू झाला, राज्यात २०११ पासून त्याचे कल्याणकारी मंडळ आहे, नोंदणीकृत कामगारांच्या मुलांसाठी शैक्षणिक सहाय्य आहे. त्या पैशातून कामगाराच्या मुलाच्या मॉडेलचे लाकूड येऊ शकत नाही काय? यासाठी मागणीचे निवेदन द्यायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

विषय काय द्यावा? आमच्या मते, वसतिगृह. व्हँकुव्हरमध्ये ४०४ विद्यार्थी लाकडी इमारतीत राहू शकतात, तर कल्याणला मराठवाडा-विदर्भातून शिकायला आलेल्या मुलामुलींसाठी लाकूड आणि बांबूचे वसतिगृह कागदावर तरी यायला काय हरकत आहे? राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत लाकूड आणि बांबूसाठी स्वतंत्र विभाग आहे, लाकडी बांधकामाच्या गणितासाठी भारतीय मानकही त्याच वर्षी नव्याने आले. अठरा मजले उद्याच परवानगी घेऊन उभे राहतील अशा भ्रमात आम्ही नाही. पहिल्या स्पर्धेत चार-पाच मजले मागा. तळमजला उल्हासच्या पुराच्या रेषेच्या वर, दगडाचा किंवा काँक्रिटचा. वरचे मजले लाकडाचे. लाकूड कुठून येणार आणि तोडणाऱ्याला मजुरी काय मिळणार, हे नकाशाच्या कोपऱ्यात लिहिणे सक्तीचे. वाळवी आणि पावसाचे उत्तर वेगळ्या पानावर, सुंदर चित्रांना त्यासाठी गुण नाहीत. तळमजल्यावर सुतार-बुरुडांसाठी कामाची जागा, जिथे विद्यार्थी त्यांच्याकडून शिकेल आणि त्यांना त्या शिकवण्याचे मानधन मिळेल.

प्रवेश फी नको. सूचनापत्र मराठीतही हवे. मॉडेलचे लाकूड प्रत्येक गटाला आयोजकांनी सारख्याच मापाचे द्यावे, त्याबाहेरचे वापरायचे नाही. म्हणजे श्रीमंताच्या मॉडेलला लेझरची झळाळी येणार नाही. काम करायला एखाद्या बुद्धविहाराचे सभागृह आठ-दहा रात्री उघडे ठेवावे. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगरात आपली विहारे कमी नाहीत आणि रात्री ती बहुतेक कुलूपबंदच असतात. परीक्षकांत दोन आर्किटेक्ट, एक अग्निशमन अधिकारी, वसतिगृहात राहून शिकलेली एक मुलगी आणि सेंट्रिंगचे काम केलेला एक सुतार. त्या सुताराला बाकीच्या परीक्षकांइतकेच मानधन आणि निकालपत्रावर त्याचे नाव त्यांच्याच ओळीत, गावासकट.